पदराला लागलेली हळद

मी नववीत होते. रविवार होता. अण्णांनी मला सगळ्यांसमोर दोन प्रश्न विचारले आणि मी दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणाले. वहिनीनं मेजावरचा अर्ज उचलला, त्याची घडी केली आणि ती आत गेली.

एवढंच घडलं. त्यानंतर मी साठाहून जास्त वर्षं जगले, आणि हे कुणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, मैत्रिणींजवळ नाही, ज्यांच्याबरोबर तीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत डबा खाल्ला त्या बायकांजवळ नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुमच्याजवळ बोलता येईल. हळूहळू सांगते. मला घाईनं सांगता येत नाही — आणि खरं म्हणजे, अजूनही मी मधेच थांबेन अशी मला भीती वाटते.

वहिनी म्हणजे मनूवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा विषमज्वरानं गेला तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. वहिनी वीस वर्षांची होती. माहेरची माणसं न्यायला आली, पण ती गेली नाही. अण्णांनीही तिला जाऊ दिलं नाही. ती आमच्याकडेच राहिली. यंदा माघात ती वारली. म्हणजे आम्ही दोघी किती वर्षं एका छपराखाली होतो, याचा हिशेब मी करत बसत नाही.

शहागंजच्या मागच्या गल्लीत आमच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या आणि अंगणात नहरीच्या पाण्याचा हौद. अण्णा, माझे वडील, कोर्टात पेशकार होते; जज्जसाहेबापुढे कागद ठेवायचे. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शन झाली आणि काही वर्षांत कचेरीतले कागद बदलले, भाषा बदलली; चाळिशी उलटलेल्या अण्णांना मोडकी इंग्रजी शिकायला बसावं लागलं. तेव्हापासून माझ्या शाळेच्या पुस्तकांविषयी त्यांना एक वेगळाच आदर वाटायचा. विशेषतः सायन्सचं पुस्तक. ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहायचे, आणि मोहोर लागलेला कागद परत द्यावा तसं दोन्ही हातांनी मला परत द्यायचे. घरात काही वाद निघाला — चंद्राला खळं का पडतं, दूध का नासतं — की म्हणायचे, ‘ज्याला इल्म आहे त्याला विचारा.’ आणि मला हाक मारायचे. मला त्याचा अभिमान होता. का नसावा? पंधरा वर्षांची मुलगी, आणि बाप तिच्या शब्दावर वाद मिटवतो.

हे मी मुद्दाम सांगते आहे. माझा शब्द त्या घरात किती जड होता, ते तुम्हाला कळायला हवं.

वहिनीचं माहेर वसमतचं. तिचे वडील दरवर्षी होळीच्या सुमाराला हळकुंडांचं पोतं पाठवायचे. ती हळद बाजारच्या हळदीसारखी नव्हती. चिमूटभर वरणात पडली तर सगळं पातेलं उजळायचं, आणि हाताला लागली की आठवडाभर जायची नाही. ती कुटायचं काम वहिनीचं. दोन दिवस उखळाशी बसायची, तोंडाला फडकं बांधून. पापण्या पिवळ्या व्हायच्या, नाकाचा शेंडा पिवळा व्हायचा. चैत्रात आईच्या हळदीकुंकवाला हीच हळद करंड्यात जायची आणि त्या वेळी वहिनी आतल्या खोलीत बसायची. त्या काळी तसंच होतं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हेही सांगून टाकते.

त्या वर्षी हळद कुटून झाली आणि त्याच आठवड्यात आमच्या सायन्सच्या बाईंनी वर्गात एक प्रयोग केला. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या होत्या. एका पट्टीवर त्यांनी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला — पट्टी लाल झाली. कुंकवासारखी लाल. वर लिंबू पिळलं — पुन्हा पिवळी. वर्गात सगळ्या मुली ‘अय्या’ म्हणाल्या. बाईंनी प्रत्येकीला दोन-दोन पट्ट्या दिल्या.

मी त्या घरी आणल्या आणि आधी वहिनीला दाखवल्या. दुसऱ्या कुणाला दाखवणार? माझा निबंध ती वाचायची, माझ्या वेण्या ती घालायची, मला शिवीसुद्धा तीच द्यायची. सोड्याचा थेंब टाकून मी ऐटीत तिच्याकडे पाहिलं. ती हसायला लागली.

“शके, याला एवढी फी देतो का आपण? मोरीवर रोज बघते मी हे. तुझ्या बाईंना म्हणावं, या एकदा आमच्याकडे धुणं धुवायला.”

मीही हसले. ती दुसरी पट्टी मी दप्तरात ठेवली.

आता अर्जाचं सांगते. वहिनी सातवी पास होती. तेवढ्यावर तेव्हा मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेत असत. बीडला दोन वर्षं वसतिगृहात राहायचं, आणि मग सरकारी शाळेत नोकरी. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं ठाऊक नाही. बहुतेक गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका मास्तरीणबाईंनी. दुपारी भांडी आटोपली की वहिनी तासभर त्यांच्याकडे गणित करायला जायची. आईला ते आवडत नव्हतं, पण अण्णांनी परवानगी दिली होती. अर्जसुद्धा अण्णांनीच आणला. ‘पोराला वाचवू शकलो नाही, निदान हिला पायावर उभी करू,’ असं ते आईला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. पालकाची सही तेवढी राहिली होती. ती रविवारी करायची ठरलं होतं — कोर्टाला सुट्टी, आणि दिवसही चांगला.

आईला दमा होता. तिला चुलीचा धूर सोसत नसे. शनिवारी दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की मनू गेल्यावर शाळेचं बघावं लागेल, दोन वेळचा स्वयंपाक काही शाळा सांभाळून व्हायचा नाही. नववी झाली तेवढी पुष्कळ झाली. ती रागावून बोलली नाही. भाजी निवडता निवडता बोलावं तसं बोलली. आणि तिचं चुकीचंही नव्हतं — दुसरं कोण होतं घरात?

 त्या दिवशी मी काय काय विचार केला, ते आता नीट आठवत नाही. वहिनी जाऊ नये असं मी मनात म्हणाले का? म्हणालेच असणार. पण माझ्या मनात कट शिजला होता असं नाही. संधी समोर येईल हे मला माहीत नव्हतं.

ती मामाच्या रूपानं आली. मामा म्हणजे आईचा भाऊ, सिल्लोडकडचा. शेती आणि सरकीचा व्यापार. कोर्टात काही काम असलं की आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला यायचा. मनानं वाईट नव्हता, पण जीभ मोकळी. वहिनीच्या शिकण्याची तो येता-जाता थट्टा करायचा — ‘मास्तरीणबाई, आम्हाला बी बाराखडी शिकवा की.’ त्या रविवारी सकाळी तो आला, आणि पाय धुवायला हौदावर गेला. तिथं धुण्याच्या दगडावर वहिनीचं पांढरं पातळ सोड्याच्या पाण्यात भिजवून ठेवलेलं होतं. पदर वर आलेला होता. आणि पदराच्या टोकाला बोटांचे ठसे होते. लाल.

हळद कुटताना पदराला हात पुसलेले. दुसरं काय असणार?

पण मामानं ते पातळ उचललं, तसंच पिळलं आणि थेट बैठकीत आणलं. अण्णा मेजापाशी बसले होते. अर्ज समोर होता, टाक शाईत बुडवलेला होता.

“दाजी, सही करायच्या अगुदर हे बघा. कपाळाचं पुसलेलं दिसतंय. दुपारच्याला गणित करायला जाते म्हणं ही.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. आई माझ्या शेजारी होती. वहिनी घाबरलेली नव्हती — हे मला फार स्पष्ट आठवतं. तिला थोडं हसूच येत असावं.

“मामंजी, ती हळद आहे,” ती अण्णांना म्हणाली. “सोड्यानं लाल होते.”

मामा मोठ्यानं हसला. “हळद पिवळी असती, हे आमच्या बैलाला बी ठावं हाय.”

अण्णांनी पदर हातात घेऊन पाहिला. त्यांनी आयुष्यात कधी स्वतःचं धोतरसुद्धा धुतलं नव्हतं. त्यांना कसं माहीत असणार? त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, घरात इतके दिवस रिठ्यानंच कपडे धुतो, सोडा आताच आणलाय, मला काही ठाऊक नाही. तिची लुगडी गडद रंगाची असायची, त्यांवर डाग दिसला नसता हेही खरं. पण सहा महिने सोडा घरात होता. ती हळदीचे हात धुवत होती. तिला ठाऊक नव्हतं? मी हे स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे, आणि प्रत्येक वेळी लक्षात आलं आहे की आईबद्दलचा प्रश्न मी माझ्यावरची नजर हटवण्यासाठी विचारते.

तेव्हा वहिनी म्हणाली, “शकूला विचारा. तिच्या शाळेत करून दाखवलंय.”

तिनं मला साक्षीला बोलावलं. तिला माझी खात्री होती.

अण्णा माझ्याकडे वळले. कोर्टात साहेबाच्या शेजारी बसून ऐकलेले हजारो जबाब त्यांच्या आवाजात होते, पण नजर बापाची होती. त्यांनाही सही करायचीच होती — मी तेवढं म्हणावं म्हणून ते थांबले होते. हे मला तेव्हाही दिसलं.

“शकू, सोड्यानं हळद लाल होते, असं तुझ्या पुस्तकात आहे का?”

“नाही.”

पुस्तकात खरंच नव्हतं. प्रयोग बाईंनी आपल्या मनानं दाखवला होता. या पहिल्या ‘नाही’ला धरून मी कितीतरी वर्षं काढली. मी खोटं बोलले नाही, विचारलं त्याचं उत्तर दिलं — असं स्वतःला सांगत. पण अण्णा पेशकार होते. ते तिथं थांबले नाहीत.

“शाळेत दाखवलं?”

दप्तर माझ्या मागे खुंटीला होतं. त्यात ती पट्टी होती. हात मागे नेला असता तर लागली असती. स्वयंपाकघरात लिंबं होती. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं, एकेक वस्तू कुठं आहे ते. मला काही सुचलं नाही, असं झालं नाही. मला शनिवारची आई दिसली, भिंतीला टेकलेली. आणि मला माझा वर्ग दिसला — तिसरा बाक, खिडकीजवळचा.

“नाही,” मी म्हणाले.

मी घाबरले होते, असं सांगता आलं असतं. लहान होते, मामासमोर जीभ लुळी पडली, असंही. पण मी घाबरले नव्हते. मला शाळा हवी होती. तिला जी हवी होती तीच गोष्ट मला हवी होती, आणि आमच्या घरात त्या वर्षी ती एकीलाच मिळणार होती.

अण्णांनी टाक पुसून ठेवला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नाही, रडली नाही. अंकगणितात उत्तर चुकलं की ती ओळ पुन्हा वाचायची, तसं पाहत होती — आपलंच वाचण्यात काही राहिलं का, अशा नजरेनं. मग तिनं अर्ज उचलला.

त्यानंतर तिनं काय केलं ते फक्त मी पाहिलं. ती हौदावर गेली. पातळ स्वच्छ पाण्यात खळबळलं, एकदा, दोनदा. लाल रंग गेला, पिवळा उरला. मग तिनं ते दोरीवर वाळत घातलं, पदर बैठकीच्या दाराकडे करून. पिवळी बोटं सगळ्यांना दिसतील अशी. दिवसभर ते तिथं होतं. मामा वामकुक्षी घेत होता. अण्णा दोनदा अंगणातून गेले. त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांना हाताला धरून तिथं नेऊ शकले असते. संध्याकाळी पातळ वाळलं आणि वहिनीनं घडी करून आत नेलं.

अण्णांनी तिला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. आईला मात्र ते म्हणाले — मी दाराआड होते — की कुंकू लावलं असतं तरी माझी हरकत नव्हती, पोर आहे; पण ती तोंडावर खोटं बोलली, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाला परगावी कसं पाठवायचं? त्या घरात खोटं कोण बोललं होतं, हे तीन बायकांना ठाऊक होतं. निदान दोघींना तर नक्कीच.

दुपारचं गणित थांबलं. अर्जाची मुदत गेली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज आणण्याचं कुणी नाव काढलं नाही, वहिनीनंही नाही.

आणि एक बदललं. त्या दिवसापासून तिनं मला ‘शके’ म्हणणं सोडलं. ‘वन्सं’ म्हणायला लागली. ‘वन्सं, जेवायला चला.’ ‘वन्सं, तुमच्या वेण्या घालायच्या ना?’ नणंदेला असंच म्हणतात. बाहेरच्या माणसाला त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. आईला तर बरं वाटलं, सून आता रीतीनं बोलते म्हणून. माझे केस ती तितक्याच हळुवारपणे विंचरायची. ‘तुम्ही’ म्हणत.

मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले. सायन्स घेतलं. एका मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. आई गेली, मग अण्णा गेले, आम्ही दोघी उरलो. मी शाळेतून यायची तेव्हा पान वाढलेलं असायचं. तीस वर्षं माझा डबा तिनं भरला.

आठवीच्या अभ्यासक्रमात तो प्रयोग होता — आता पुस्तकात छापलेला. दरवर्षी यायचा. टाळता आला असता का? मी टाळला नाही. हळदीचं पाणी मी घरून न्यायची, आणि ते वहिनीच करून द्यायची, माहेरच्या हळदीचं, बाटलीला गच्च बूच लावून. कशासाठी हवंय ते तिनं पहिल्या वर्षी विचारलं. मी सांगितलं. ती बाटली पुसत होती.

“सगळ्या मुलींना दिसेल असं दाखवा हो, वन्सं,” ती म्हणाली. “मागच्या बाकांवरच्यांनाही.”

टोमणा होता का तो? आवाजात नव्हता. ती मनापासून म्हणाली असेल, तर ते माझ्यासाठी अधिक कठीण आहे. मी मान हलवली आणि बाटली पिशवीत ठेवली.

गल्लीतल्या पोरांना ती संध्याकाळी पाढे शिकवायची. फुकट, ओट्यावर बसून. माझ्यापेक्षा चांगलं शिकवायची. सत्तावीसचा पाढा न येणारं पोर तिच्याकडून येताना तो उलटा म्हणत यायचं. मी खिडकीतून ऐकायची. प्रशिक्षित शिक्षिका मी होते.

शेवटची दोन वर्षं ती अंथरुणाला होती. मी सगळं केलं — औषधं, अंग पुसणं, भरवणं. वेळ पुष्कळ होता. दुपारी आम्ही दोघी, आणि बाहेर भंगारवाल्याची आरोळी. आम्ही दादाबद्दल बोललो. वसमतच्या शेतात हळद शिजवतात त्या कढयांबद्दल ती बोलली. मी ते एक वाक्य अनेकदा तोंडापर्यंत आणलं. तिनं काय म्हटलं असतं, याची भीती नव्हती. ती ‘जाऊ द्या’ म्हणाली असती. ते ‘जाऊ द्या’ मला ऐकायचं नव्हतं — की ऐकायचं होतं आणि मागायची लाज वाटली? मला खरंच सांगता येत नाही. ती गेली तेव्हा मी तिचा हात धरून होते, आणि तेव्हाही गप्प होते.

भेटायला आलेले लोक म्हणाले, किती केलंत तुम्ही त्यांचं, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. मी प्रत्येकाला हात जोडले. कुणालाही अडवलं नाही.

मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरायला मीच गेले. नाव, वय, पत्ता लिहिला. पुढे मयत व्यक्तीचा व्यवसाय, असा रकाना होता. खिडकीतल्या मुलानं मला थांबलेलं पाहून विचारलं, आजी, काय करायच्या त्या? मी ‘घरकाम’ असं लिहिलं, आणि खाली माझी सही केली.

आता घरात मी एकटी आहे. दोन वेळचा स्वयंपाक मीच करते.